भंगारातून चालवता येणारी छोटी जीप : 40,000 रुपयांत कितपत शक्य आहे?

कृष्णाकाठ (कराड) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावी, एका कारागिराने भंगारातले सुटे भाग जुळवून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी तयार केली होती. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिची दखल घेतली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. ती गाडी साधारण 60,000 रुपयांत झाल्याचे तेव्हा वाचले होते. मला बोलेरोची अपेक्षा नाही. मात्र जुन्या विलीज जीपची निम्म्या आकाराची प्रतिकृती करून शेतातल्या वाटेवरून दोन मुलांना (वय 9 आणि 12) फिरवावे, अशी इच्छा तेव्हापासून मनात आहे.

माझ्याकडे काकांची बजाज चेतक आहे. तिचा पत्रा पूर्ण सडला आहे, पण इंजिन दोन-तीन किकमध्ये सुरू होते. त्याशिवाय भंगारवाल्याने तशाच दुसऱ्या स्कूटरचा पुढचा भाग वजनाच्या भावाने देण्याचे कबूल केले आहे. वेल्डिंग मला बऱ्यापैकी येते, लेथचे काम मात्र बाहेरून करून घ्यावे लागेल. मोटरसायकलची चार चाके अगदी स्वस्तात मिळत आहेत, ती घ्यावीत का? इंजिन मूळ जीपप्रमाणे पुढे बॉनेटखाली बसवावे की मागे? आणि मूळ विलीजचे स्टिअरिंग डावीकडे होते, तेही तसेच ठेवण्याचा माझा हट्ट आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना टर्नर (कोल्हापूर) यांचे उत्तर

उद्यमनगरात लेथवर माझी 31 वर्षे गेली आणि अशा गाड्यांचे सुटे भाग घेऊन येणारी मुले मी पुष्कळ पाहिली. त्यांतली बहुतेक कामे एकाच जागी अडतात. गाडीचे प्रमाण आधी कागदावर ठरवले जाते आणि मग त्या प्रमाणाची चाके बाजारात मिळत नाहीत. आपण उलट दिशेने यावे, हाताशी असलेले चाक मोजावे आणि त्यावरून जीप किती लहान होऊ शकते ते ठरवावे.

हिशेब असा. विलीजच्या दोन आसांतले (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले) अंतर 80 इंच, एकूण लांबी सुमारे 132 इंच आणि रुंदी 62 इंच होती, आणि तिचा 6.00-16 मापाचा टायर उभा मोजला तर साधारण साडेअठ्ठावीस इंच भरतो. चेतकच्या 3.50-10 टायरचा बाहेरचा व्यास 17 इंचांच्या आसपास असतो. म्हणजे चेतकची चाके लावायची असतील तर आपली जीप निम्मी नव्हे, 0.6 पट झाली पाहिजे, आणि मग आसांतले अंतर 48 इंच, लांबी 79 इंच आणि रुंदी 37 इंच येते. निम्म्या मापावर अडून बसलात तर रुंदी 31 इंच होईल, आणि त्यात आपण एकटेसुद्धा अवघडूनच बसाल, कारण गाडी लहान करता येते पण चालवणारा लहान करता येत नाही. खुर्चीत पाठ टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीपासून पॅडलपर्यंत जवळजवळ एक मीटर जागा लागते, आणि ती 0.6 प्रमाणाच्या गाडीतही बॉनेटच्या आत पाय घातल्याशिवाय मिळत नाही. म्हणून इंजिन मागेच घ्या आणि बॉनेट पोकळ ठेवा.

मोटरसायकलची चाके मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे तिच्या चाकावर भार जवळजवळ आऱ्यांच्या पातळीतच येतो. चारचाकी कलत नाही, वळणावर सगळा रेटा चाकाला आडवा बसतो, आणि आऱ्यांचे चाक तो फार काळ सोसत नाही. शिवाय ते दोन्ही बाजूंनी धरलेल्या आसासाठी बनवलेले असते. चेतकचे चाक पत्र्याचे असून एका बाजूनेच बसते, म्हणजे चारचाकीला जसे हवे तसेच आहे.

रानवाट (राहुरी) यांचे उत्तर

टर्नरकाकांशी मी पूर्ण सहमत आहे. त्यांनी शेवटी सांगितलेला मुद्दा इंजिनालाही लागू होतो, आणि मी 2022 मध्ये तयार केलेल्या गाडीचा अनुभव म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

आधी मी रिक्षाचा मागचा संपूर्ण संच घेणार होतो. जुन्या मागच्या इंजिनाच्या रिक्षात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) एकत्र असतात आणि रिव्हर्सही मिळतो, त्यामुळे तो पर्याय सगळ्यांनाच भुरळ घालतो. पण रिक्षाची रुंदी सुमारे 1300 मिलिमीटर, म्हणजे 51 इंच असते. तो संच तसाच लावला तर जीप मागून बेडकासारखी पसरते. मापात आणण्यासाठी चाकांकडे जाणारे दांडे कापून पुन्हा जोडले, तर तो जोड नेमका पिळाच्या भाराखाली येतो, आणि माझ्यासारख्या हौशी वेल्डरने तिथे हात घालू नये, असे मला एका जाणत्या मिस्त्रीने स्पष्ट सांगितले.

त्यानंतर चेतककडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की तिचे मागचे चाक थेट गिअरबॉक्सच्या दांड्यावरच बसते. साखळी नाही, वेगळा आस नाही, आणि इंजिन चाकाच्या उजव्या अंगाला असते. तेव्हा इंजिन चाकासकट उचलून जीपच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवले की चाक बाहेरच्या बाजूला राहते आणि इंजिन आपोआप गाडीच्या मधल्या भागाकडे येते. स्कूटरमध्ये ते ज्या बिजागरीवर आणि शॉक ॲब्सॉर्बरवर झुलते, तीच व्यवस्था शॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडली की त्या चाकाचे सस्पेन्शनही तयार मिळते. मागचे उजवे चाक मोकळे फिरते. एकाच चाकाला जोर असल्यामुळे डिफरेन्शियलची गरजच उरत नाही, कारण वळणावर दोन्ही चाके आपापल्या वेगाने फिरू शकतात. ओल्या काळ्या मातीत ही गाडी हमखास फसते आणि रिव्हर्स नसल्यामुळे उतरून ढकलावी लागते, पण माझी गाडी रिकामी 165 किलोच भरली, त्यामुळे त्याचे फारसे काही वाटत नाही.

आता आपल्या हट्टाविषयी. इंजिनाचे वजन डावीकडे जात असल्याने चालक उजवीकडेच बसला पाहिजे, नाहीतर डाव्या स्प्रिंगा कायम दबलेल्या राहतील. विलीजचे डावे स्टिअरिंग या रचनेत सोडून द्यावे लागेल.

गिअरचे प्रमाण बदलण्याची गरज मला पडली नाही. स्कूटर स्वतः शंभर किलोंच्या थोडी वर आणि तिच्यावर दोन मोठी माणसे धरली तर अडीचशे किलो होतात, आणि माझी गाडी एक मोठा माणूस व दोन मुले घेऊन तीनशेपर्यंत जाते. चढाला पहिला गिअर घालावा लागतो, एवढाच फरक. इंजिनावरचा पंख्याचा पत्रा मात्र दिसायला बोजड वाटला तरी काढू नका. मोटरसायकलचे इंजिन समोरच्या वाऱ्यावर थंड राहते, तर चेतकचे त्या पंख्यावर, आणि बंदिस्त जागेत हे इंजिन टिकते ते त्यामुळेच.

फजिती सांगायची तर किकची. किकचा दांडा गाडीच्या मधल्या भागात येतो, म्हणून मागचे फळके उघडून, बाहेर उभे राहून किक मारावी लागते. एकदा गाडी पहिल्या गिअरमध्येच राहिली होती. किक बसली, इंजिन चालू झाले आणि गाडी माझ्याशिवाय निघून थेट उकिरड्यात जाऊन थांबली. आत कोणी नव्हते हे नशीब. तेव्हापासून इंजिन बंद करण्याचे एक बटण मी मागच्या फळक्यापाशीही बसवले आहे आणि हँडब्रेक ओढल्याशिवाय किकला पाय लावत नाही.

खर्च 30,000 धरला होता, झाला 46,800. लोखंडाने पैसे खाल्ले नाहीत. 40 × 40 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण 2.4 किलो भरतो आणि शॅसीला मला 13 मीटर लागला. पैसे गेले ते चार नवे टायर-ट्यूब, लेथचे काम, नवे ब्रेक लाइनर, केबली आणि रंग यांत. भंगारातून आणू नये अशा वस्तूंवरच खरा खर्च होतो, आणि तिथे काटकसर करू नये. आपल्याकडे इंजिन असल्याने 40,000 मध्ये जमू शकेल, पण रंग पुढच्या वर्षावर टाकावा लागेल.

ॲड. सुमेधा (पुणे) यांचे उत्तर

तांत्रिक बाबींत मला गती नाही, पण दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि अशा घरगुती गाडीची नोंदणी होणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे ती शेताच्या कुंपणाआतच चालवावी, मधला गावचा रस्ता ओलांडायचा असला तरी टेम्पोत घालूनच न्यावी. मुलांच्या हाती रस्त्यावर देण्याचा तर विचारही करू नये, कारण 2019 मध्ये आलेल्या कलम 199-अ प्रमाणे अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

दुसरे, काकांची चेतक आपण मोडत आहात, तेव्हा कलम 55 प्रमाणे तसे आरटीओला कळवून तिची नोंदणी काकांच्या नावानेच रद्द करून घ्यावी.

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांचे मनापासून आभार. मोटरसायकलच्या चाकांना नकार कळवला आणि डाव्या स्टिअरिंगचा हट्टही सोडला. काल अंगणात खडूने 79 × 37 इंचांचा चौकोन आखून त्यात पाट ठेवून आम्ही तिघे बसून पाहिले. धाकटीला मागे आडवे बसावे लागेल, पण मावतो. सुमेधाताई, काकांचे आरसी बुक सापडले आहे, अर्ज याच आठवड्यात देतो.

आता प्रश्न स्टिअरिंगचा उरतो. मारुती 800 चा रॅक (स्टिअरिंगने सरकून पुढची चाके वळवणारी दातेरी पट्टी) भंगारात मिळतो आहे, तो वापरावा का? आणि ब्रेक फक्त मागच्या इंजिनाच्या चाकाला ठेवला तर चालेल का?

जुना टर्नर (कोल्हापूर)

ब्रेकचे आधी सांगतो. एकट्या डाव्या चाकाला ब्रेक लावलात तर दाबताक्षणी गाडी डावीकडे ओढेल. भंगारवाला जो पुढचा भाग देतो आहे, त्याचा ड्रम मागच्या उजव्या चाकाला लावा आणि दोन्ही केबली एका आडव्या पट्टीला जोडून ती पट्टी मधोमध पॅडलने ओढा, म्हणजे दोन्हीकडे ताण सारखा जाईल. पुढच्या चाकांनाही ब्रेक असणे चांगलेच, पण मागचे दोन सारखे धरू लागल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका.

मारुतीचा रॅक आपल्या गाडीला फार रुंद आहे. 20 किलोमीटरच्या वेगाला स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी एक मजबूत आर्म आणि त्याला दोन टायरॉड (चाके वळवण्यासाठी ओढणारे दांडे) एवढे पुरते. मारुतीचे टायरॉड एंड (त्या दांड्यांच्या टोकांचे फिरते सांधे) मात्र जरूर घ्या, आणि खडखडणारे घेऊ नका. किंगपिन (ज्या उभ्या खिळींवर पुढची चाके डावी-उजवीकडे वळतात त्या) सरळ उभे ठेवू नका, त्यांचा माथा पाच ते सात अंश मागे कललेला असू द्या, म्हणजे वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतील.

चाकांकडच्या ज्या आर्मना टायरॉड जोडायचे ते आर्म समांतर ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. वळताना आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते. आर्म समांतर असले तर दोन्ही चाके सारखीच वळतात, आणि टायर घासत, किरकिरत जातो. त्यासाठी गणिताची गरज नाही. शॅसी जमिनीवर उलटी ठेवा, मागच्या आसाच्या बरोबर मध्यावर खिळा ठोका, तिथून प्रत्येक किंगपिनपर्यंत सुतळी ताणा आणि आर्म त्या सुतळीच्या रेषेत वेल्ड करा. दोन किंगपिनांत 28 इंच आणि आसांत 48 इंच अंतर असेल तर प्रत्येक आर्म सुमारे 16 अंश आत कललेला येईल. तसा आला नाही तर सुतळीवर नव्हे, खिळ्यावर संशय घ्या.

आणि एक राहिले. पेट्रोलची जुनी टाकी गळत असेल तर तिला वेल्डिंगचा रॉड लावू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ कोंडलेली असते. स्टब आसांचे (एकेक चाक बसवण्याच्या आखूड दांड्यांचे) काम माझ्याकडेच पाठवा. ईएन-8 पोलादाचा बार आणून ठेवतो, आपण फक्त बेअरिंगची मापे व्हर्निअरने घेऊन कळवा, पट्टीने नको.