मोठी एसयूव्ही देऊन हायब्रिड घेतेय, तीही ऐन थंडीत. थांबू का?

स्टिअरिंगवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मी तीन रांगांची, पेट्रोलवरची धिप्पाड एसयूव्ही चालवतेय. मुलं आपापल्या मार्गाला लागली, मागच्या दोन रांगांवर आता फक्त पिशव्या बसतात. गाडी लिटरला जेमतेम ८ किलोमीटर देते. म्हणून एक हायब्रिड हॅचबॅक बघून ठेवलीय, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेली. प्लग लावायची भानगड नाही, स्वतःची स्वतः चार्ज होणारी. ओढ फक्त पुढच्या चाकांना.

सध्या कडाक्याची थंडी आहे, सकाळी पारा शून्याच्या बराच खाली असतो. अशाच एका सकाळी टेस्ट ड्राइव्ह घेतली. ऐकून होते की हायब्रिड सिग्नलला उभी राहिली की चिडीचूप होते. कसलं काय! गाडी उभी आणि इंजिन आपलं घुरघुरतंय. मध्येच एकदाचं बंद झालं, तेवढ्यात काचेवरचं धुकं घालवायला मी डिफ्रॉस्टचं बटण दाबलं, तर लगेच पुन्हा सुरू. शेजारी बसलेला विक्रेता म्हणाला, "थंडी आहे ना मॅडम," आणि खिडकीबाहेर बघायला लागला. कागदावर लिटरला २० लिहिलंय, मीटरवर १४ दिसत होते.

आता घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, थंडी सरू दे, मग घे. हिवाळ्यात हायब्रिड म्हणजे नुसती नावाची. धाकटी म्हणते, आई, घेऊन टाक. मला प्रामाणिकपणे सांगा, त्या गाडीत काही खोट आहे का? बचत खरंच एवढी आटते का? आणि उंच गाडीची सवय असलेल्या बाईने बर्फात ही बुटकी गाडी चालवायची म्हणजे नक्की काय बदलतं?

तेलपाणी

ताई, गाडीत खोट नाही. विक्रेत्याला सांगता आलं नाही, एवढंच.

मी स्वतः असाच एका अगडबंब गाडीतून हायब्रिडमध्ये आलो, आणि आता त्यात बऱ्याच थंड्या काढून झाल्यात. तुम्ही जे पाहिलंत त्याचं कारण हीटर. साध्या हायब्रिडमध्ये केबिनची ऊब मुख्यतः इंजिनाच्या गरम कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून येते, सहसा वेगळी मोठी शेगडी नसते. तुमच्या जुन्या इंजिनात पेट्रोलची बहुतेक ताकद उष्णता होऊन वाया जायची, त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर तुम्ही फुकट ऊब घेत होतात. हायब्रिडचं इंजिन मुळात कमी वाया घालवतं. २०१५ साली आलेल्या प्रियस या हायब्रिडच्या इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता (पेट्रोलच्या ऊर्जेतला कामी येणारा वाटा) टोयोटाने ४० टक्के सांगितली होती, पेट्रोल इंजिनाला हा आकडा भारीच. पण त्याचाच अर्थ हीटरला उरणारी उष्णता कमी, आणि इंजिन बंद असताना तर शून्य. कूलंट थंड व्हायला लागलं की गाडीचा कॉम्प्युटर इंजिन पुन्हा चालू करतो. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापेपर्यंतही इंजिन बंद होत नाही. डिफ्रॉस्ट म्हणजे तर काचेवर भरपूर गरम हवा मारा असा हुकूमच, तो इंजिनाशिवाय कसा पाळणार?

हे दुखणं कंपन्यांना पहिल्यापासून माहीत आहे. प्रियस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या अमेरिकी गाड्यांत गरम कूलंट साठवून ठेवायला चक्क थर्मास बसवला होता, पुढच्या सुरुवातीला तेच इंजिनात सोडायचं. तिसऱ्या पिढीत तो गेला आणि धुराड्यातली उष्णता कूलंटला द्यायची सोय आली. म्हणजे इंजिनिअर मंडळी ऊब वेचण्यात आयुष्य घालवतायत आणि आपण काच खाली करून पार्किंगची पावती घेतो.

आता बचतीचं बोलू, कारण तुमच्या मिस्टरांचा मुद्दा वरवर बरोबर वाटतो. अमेरिकी सरकारच्या इंधन-बचतीच्या माहितीनुसार २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना, शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये साध्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज साधारण १५ टक्के पडतं. हायब्रिडचं ३० ते ३४ टक्के. हे वाचून लोक म्हणतात, बघा, हायब्रिडचं जास्त नुकसान. टक्क्यांत जास्त, मान्य. पण पंपावर आपण लिटर भरतो.

हिशेब उलटा मांडा, १०० किलोमीटरला किती लिटर. तुमची एसयूव्ही ८ देते म्हणजे साडेबारा लिटर. हायब्रिड २० देईल म्हणजे ५ लिटर. उबदार दिवसांत बचत साडेसात लिटर. आता थंडी. एसयूव्हीचं १५ टक्के पडलं तर ६.८, म्हणजे जवळपास १४.७ लिटर. हायब्रिडचं ३० टक्के पडलं तर १४ (तुम्हाला मीटरवर दिसलं तेच), म्हणजे ७.१ लिटर. बचत पुन्हा साडेसात लिटरच! थंडीत हायब्रिडची शेखी कमी होते, तुमची बचत नाही. "हिवाळा सरू दे" म्हणत थांबलात तर दर १०० किलोमीटरला तेवढे जास्तीचे लिटर त्या धिप्पाड गाडीत ओतत राहाल.

एक सवय मात्र सोडा. सकाळी गाडी सुरू करून दारात दहा मिनिटं तापवायची नाही. त्यात शून्य किलोमीटर होतात आणि पेट्रोल जातं. काच नीट साफ करा, निघा, पहिली काही मिनिटं हलक्या पायाने चालवा. छोट्या छोट्या चार फेऱ्यांऐवजी कामं जोडून एकच लांब फेरी केलीत तर फरक लगेच दिसेल, कारण इंजिन एकदा तापलं की मग ते सिग्नलला खरोखर गप्प बसतं.

परत_उंचावर

वरचा हिशेब बरोबर आहे, पण पेट्रोल वाचवायला आधी गाडी घराबाहेर निघाली पाहिजे ना राव. मी दोन हिवाळे हायब्रिड सेडान वापरली आणि परत एसयूव्ही घेतली. माझ्या गल्लीतला बर्फ कुणी वेळेवर काढत नाही. मोठ्या एसयूव्हीचं पोट जमिनीपासून २० सेंटीमीटरच्या वर असतं, या गाड्यांचं तेरा-चौदा. ताज्या बर्फात बंपर फावड्यासारखा बर्फ पुढे ढकलत जातो आणि शेवटी गाडी त्या ढिगावरच बसते. इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा माझा असाच फाटला.

दुसरं म्हणजे, चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) ताकदच तोडतो. एसयूव्हीत मागे-पुढे झोके देत गाडी काढायचो तसं इथे जमेना. पाय दाबतोय आणि गाडी ढिम्म.

ताई, तुमचा रस्ता साफ होत असेल तर घ्या. नसेल तर विजेची मोटार मागच्या चाकांनाही असलेली हायब्रिड बघा, किंवा हायब्रिड एसयूव्ही.

तेलपाणी

उंचावरचे भाऊ, पोटाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याला टायर, ट्रॅक्शन, काही इलाज नाही. बर्फ १३ सेंटीमीटरच्या वर गेला की ती गाडी घरी.

पण चारही चाकांच्या ओढीबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो. चारही चाकं ओढत असली तर गाडी जागेवरून लवकर निघते. थांबताना आणि वळताना त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे कामाला येतो फक्त टायर. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. घेताना टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची पाकळी असं चिन्ह बघा. ते बर्फावर चाचणी झाल्याशिवाय मिळत नाही. नुसतं "एम अधिक एस" (चिखल आणि बर्फ) ही कंपनीची स्वतःची घोषणा असते. हवाही बघत जा, तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते. एसयूव्हीतून आलेली माणसं डिकीत जॅक ठेवतात आणि हवेकडे सहा महिने बघत नाहीत.

आणि ताई, ब्रेक. हायब्रिडमध्ये हलका ब्रेक म्हणजे बहुतेक वेळा विजेची मोटारच गाडी धरून ठेवते आणि बॅटरी भरते. असा ब्रेक लावलेला असताना चाक एखाद्या खड्ड्यावर किंवा बर्फाच्या पट्ट्यावर गेलं तर मोटार पकड सोडते आणि नेहमीचे ब्रेक पकड घेतात. त्या क्षणभरात गाडी पुढे निसटल्यासारखी वाटते. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. घाबरून पाय उचलू नका, दाबलेला ठेवा.

स्टिअरिंगवाली

तेलपाणी, तो साडेसात लिटरचा हिशेब मी कागदावर काढून नवऱ्यासमोर ठेवला. दोनदा कॅल्क्युलेटर मारला त्याने. आता म्हणतो, "पेट्रोलचं ठीक आहे, पण बॅटरी थंडीत उतरली तर?" म्हणजे मैदान बदललं.

आमचा रस्ता साफ होतो, थोडा उशिरा का होईना. पण गाडी उघड्यावरच उभी असते, आणि घराकडे येताना लांबलचक उतार आहे. एसयूव्हीत मी खालचा गिअर टाकून निवांत उतरायचे. इथे गिअरच नाहीत! दांड्यावर नुसतं "बी" लिहिलंय, ते मी बॅटरी समजत होते.

मागची_सीट

"बी" म्हणजे इंजिनाचा ब्रेक, ताई. लांब उतारावर मोटारीने भरता भरता तिला चालवणारी मोठी बॅटरी पूर्ण भरते, मग ती आणखी घेत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बॅटरी फार गार असेल तेव्हाही ती कमीच घेते. "बी" टाकलं की इंजिन फिरून गाडी अडवतं. सपाट रस्त्यावर लावून ठेवू नका, त्यात उगाच ऊर्जा जाते. आणि उतार निसरडा असेल तर अलगद टाका, कारण अडवणारी ती पुढचीच चाकं.

सीट गरम करायची सोय असलेलंच मॉडेल घ्या, बाकी सजावट नसली तरी चालेल. सीटला केबिन तापवण्याच्या मानाने नगण्य वीज लागते. मी सीट चालू ठेवून हीटर दोन-तीन अंश खाली आणते, इंजिन लवकर शांत होतं.

तेलपाणी

मागची सीट यांनी उत्तम सांगितलं. बॅटरीचं मी सांगतो, कारण इथे मिस्टरांचं बरोबर आहे, फक्त बॅटरी चुकली. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी सहसा मागच्या सीटखाली किंवा सीटमागे, तिची रोजची काळजी गाडी घेते. तुमचं काम एकच: बऱ्याच मॉडेलांत मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथून ती केबिनमधली हवा ओढते. हिवाळ्यात तिच्यावर ओले कोट आणि चादरी टाकू नका, आणि तिच्यातला कपड्यांच्या तंतूंचा थर अधूनमधून काढा.

दगा देते ती धाकटी, १२ व्होल्टची. बऱ्याच हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, ते काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटार करते. धाकटी फक्त कॉम्प्युटर जागे करते, म्हणून ती असते लहान. पण ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालायला तयार आहे असं सांगणारा "रेडी"चा दिवा लागत नाही, गाडी म्हणजे नुसतं कपाट. एसयूव्हीची बॅटरी मरायच्या आधी स्टार्टर कण्हायचा, तुम्हाला सूचना मिळायची. इथे कण्हणं ऐकू येत नाही. उघड्यावर उभी राहणारी गाडी आहे, तर थंडीच्या आधी ती बॅटरी तपासून घ्या आणि गाडी आठवडेच्या आठवडे पडून ठेवू नका. दिवे किंवा गाणी लावून बसायचंच असेल तर "रेडी"त बसा, म्हणजे मोठी बॅटरी धाकटीला भरत राहते.

यातलाच एक धोका मात्र गांभीर्याने घ्या. "रेडी"त असलेली गाडी शांत असते, पण बंद नसते. इंजिन वाटेल तेव्हा आपणहून सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये तशी ठेवून घरात जाऊ नका. आणि बर्फात अडकून आत बसावं लागलं तर आधी उतरून धुराड्याचं तोंड मोकळं आहे ना ते बघा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

परत_उंचावर

डिकीत एक छोटं फावडं ठेवा. आणि ब्रेकचं वर्षातून एकदा खोलून साफसफाई, पिना ग्रीस. मोटारच अर्धं ब्रेकचं काम करते, त्यामुळे डिस्क वापराविना गंजतात, त्यात रस्त्यावर मीठ टाकत असतील तर विचारायलाच नको. माझे पॅड झिजले नाहीत, त्यांना डिस्कवर दाबणारा कॅलिपर मात्र जाम झाला.

स्टिअरिंगवाली

ठरलं, याच महिन्यात घेतेय. हिवाळी टायर पहिल्या दिवसापासून, सीट गरम करणारं मॉडेल, आणि उशिरा बर्फ काढतात त्या दिवशी घरी बसायची तयारी. एसयूव्हीच्या डिकीत जंपर केबल आहेत, शेजारच्यांच्या गाड्या मीच सुरू करून द्यायचे. त्या या गाडीत ठेवू ना?

तेलपाणी

ठेवा, पण घेण्यासाठी, देण्यासाठी नाही. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा स्टार्टर जेवढा करंट ओढतो तेवढ्यासाठी ही धाकटी बॅटरी आणि तिच्या मागची इलेक्ट्रॉनिक्स बनलेली नसतात. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा. केबल उलट्या लावल्या तर दुरुस्ती फार महागात पडते. बऱ्याच मॉडेलांत धाकटी मागे डिकीत असते आणि जंपसाठी बोनेटखाली वेगळं टर्मिनल दिलेलं असतं, झाकणाखाली लपलेलं. बॅटरी मेली की डिकीही विजेवर उघडत नाही, म्हणून ते पुढे. गाडी ताब्यात घेताना ते झाकण विक्रेत्याकडून उघडून दाखवून घ्या, आणि चावीतली लोखंडी किल्ली कशी बाहेर निघते तेही.