"अर्ध्या तासात होतो की स्वयंपाक!" म्हणणाऱ्यांसाठी

उशिराचं_ताट:
कालची ती पोस्ट वाचली असेलच सगळ्यांनी. "घरी ताजं रांधायला अर्धा तास पुरतो, वेळ नाही म्हणणाऱ्यांना खरं तर इच्छा नसते." वर साध्या जेवणातला आनंद वगैरे, आणि खाली बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण ते लांबतच गेलं म्हणून हा वेगळा धागा.

मला एक सांगा, हा अर्धा तास नक्की कुठून कुठपर्यंत मोजता? तेल तापलं की घड्याळ सुरू आणि गॅस बंद झाला की घड्याळ बंद, असंच ना? मग राजमा आदल्या रात्री भिजत घालायचं कोणाच्या लक्षात होतं, पालेभाजी आज नाही केली तर उद्या टाकून द्यावी लागेल हे कोणाला माहीत होतं, मीठ संपत आलंय हे कोणी बघितलं? दुपारच्या मीटिंगमध्ये एकीकडे मान डोलावत दुसरीकडे रात्रीचं ठरवत असते मी. भाजी निवडायची, धुवायची, नंतर भांडी, ओटा, उरलेलं छोट्या डब्यात काढायचं आणि त्या डब्याचं झाकण शोधायचं, हे सगळं बहुतेक हवेत होत असावं.

आणि त्या रेसिप्या! "कांदा छान तांबूस होईस्तोवर ५ मिनिटं परता." कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं हो. ते उडाल्याशिवाय तो लाल होत नाही, आणि मंद आचेवर खरंच गोडसर तांबूस करायचा तर पाऊण तास जातो. ५ मिनिटांत जो होतो तो कडेने करपलेला आणि मधे कच्चा.

साधं खाणं मलाही आवडतं. गरम भात, वर पिवळं वाहतं अंडं, मीठ, मिरपूड, ओट्यापाशी उभ्याउभ्याच. सुख. पण म्हणूनच मी रविवारी भाताचा मोठा डबा, एखादी उसळ, चिरलेल्या भाज्या असं करून ठेवते आणि गुरुवारपर्यंत निवांत असते. त्याला कोणी "इच्छा नाही" म्हणू नये एवढंच.

कढईवाला:
एवढं मनाला लावून घ्यायचं काय त्यात? मला तर पोस्ट पटली. मी ऑफिसातून आल्यावर रोज करतो. कुकर लावतो, त्यात प्रेशरमुळे तापमान १२० डिग्रीच्या आसपास जातं म्हणून हातपाय धुऊन कपडे बदलेपर्यंत डाळ झालेली असते. तेवढ्यात दुसरीकडे बटाटा परततो, संपला विषय. बाहेरून मागवलं तरी दार वाजेपर्यंत तेवढाच वेळ जातो आणि त्या वेळात माणूस काय करतो? फोन बघतो. कांदा पाऊण तास परतायला सांगितलंय कोणी? कांद्याशिवाय भाजी होते, जग बुडत नाही.

आणि खरं सांगू का, राग येईल, पण रविवारी रांधून डबे रचून ठेवायचे म्हणजे घराचं कॅन्टीन करणं झालं. फोडणीचा चर्र आवाज आला नाही तर ते जेवण कसलं.

तिसरी_शिट्टी:
आले, फोडणीच्या आवाजावर प्रेम करणारे आले. कढईवालादादा, कुकर तुम्ही लावता ते ठीक, त्याची रिंग कोण धुतं? आमच्याकडेही एक गृहस्थ आहेत, सगळ्या पाहुण्यांना सांगत असतात "मला स्वयंपाकाची फार आवड". आवड आहेच, नाही कुठे म्हणते मी. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा वाजता ती आवड येते, घरातली यच्चयावत पातेली काढते, एक पदार्थ करते, टाळ्या घेते आणि झोपायला जाते. ज्यांना रांधणं म्हणजे ध्यानधारणा वाटते ना, त्यातले निम्मे लोक अधूनमधून रांधणारे असतात. रोज करणाऱ्याला आनंद नसतो असं नाही पण तो असा पोस्ट टाकत बसत नाही.

कढईवाला:
एकटा राहतो ताई. रिंगही मीच धुतो आणि शिट्टीही. चुकीच्या माणसावर घसरलात.

तिसरी_शिट्टी:
बरं. मग चार माणसांचं करून बघा. एकाला तिखट चालत नाही, एकाला कांदा दिसला की ताट सरकवायचं असतं, तिसऱ्याला आजच नेमकं डाएट आठवतं. एकट्याचं काय हो, नुसतं अंडं उकडलं तरी भागतं.

सुरीधार:
इतकी चर्चा झाली पण मूळ प्रश्नावर कोणी बोलत नाहीये. वेळ जातो तो बोथट सुरीमुळे. नव्वद टक्के घरांत सुरीला धार नसते. लोक टोमॅटो चिरत नाहीत, दाबून फोडतात. काचेच्या चॉपिंग बोर्डवर चिरणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही, त्याने धार सगळ्यात लवकर जाते, लाकूड वापरा. साधा धारेचा दगड घ्या, सुरी साधारण १५ ते २० अंशांत धरा, दोन्ही बाजूंनी सारखी घासा. आणि बोथट सुरीनेच बोट जास्त कापतं, कारण जोर लावावा लागतो आणि ती सटकते.

उशिराचं_ताट:
नव्वद टक्के घरांच्या सुऱ्या तपासल्या का हो तुम्ही? धन्यवाद, तरी दगड बघते.

पेट्रीडिश:
सुरी बिरी राहू दे. रविवारचा भात गुरुवारी?? ते वाचून मी चहा खाली ठेवला.

उशिराचं_ताट:
फ्रीजमध्ये असतो. खिडकीत नाही ठेवत.

पेट्रीडिश:
फ्रीजमध्ये कधी जातो हा प्रश्न आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात झाला की पातेलं ओट्यावर राहतं, आपण सिरियल बघतो, तेवढ्यात ते जागे होतात आणि वाढायला लागतात. त्यातले काही प्रकार जे विष तयार करतात ते नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे "मी वाफ येईस्तोवर गरम करते" याचा इथे उपयोग शून्य. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला स्पष्ट आहे, शक्यतो तासाभरात थंड करा, फ्रीजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा. मोठा डबा तर सगळ्यात वाईट, मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. पसरट ताटात पसरा, मग ठेवा.

जुनं_पातेलं:
आमच्या लहानपणी घरात फ्रीजच नव्हता. रात्रीचा भात सकाळी खाऊन शाळेत जायचो आणि वर्गात पहिले यायचो. आताच्या लोकांना भाताची पण भीती दाखवायला लागलात. उद्या पाण्याची दाखवाल.

पेट्रीडिश:
काका, पाण्याची भीती लोक फार पूर्वीपासून बाळगतात, म्हणून तर उकळून पितात. आणि तुम्हाला काही झालं नाही म्हणून कोणालाच झालं नाही असं कसं? ज्यांना झालं ते "काहीतरी बाधलं" म्हणून झोपून राहिले. या विषाने खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि बहुतेकदा दिवसभरात माणूस बरा होतो, म्हणून कोणी भाताचं नावही घेत नाही. माझ्या भावाने हॉस्टेलमध्ये मित्राचा उरलेला भात खाल्ला होता, त्या रात्री त्याच्यासोबत बाथरूमच्या दारात बसलोय मी. त्यामुळे मला यात विनोद दिसत नाही.

उशिराचं_ताट:
भावाचं वाईट वाटलं, पण तो भात तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ओट्यावर पडलेला असणार ना. अमेरिकेतलं कृषी खातं उरलेलं शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस चालतं म्हणतं. ब्रिटनमध्ये एक दिवस, अमेरिकेत चार. पोटं वेगळी आहेत का तिकडची?

पेट्रीडिश:
तो सर्वसाधारण उरलेल्या अन्नाचा नियम आहे, ब्रिटनचा खास भाताचा आहे. आणि अमेरिकेचाही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, फ्रीज ४ डिग्रीच्या आसपास पाहिजे, असाच आहे. तुमच्या फ्रीजचं तापमान माहितीये तुम्हाला? दार दर पाच मिनिटांनी उघडलं जातं त्या फ्रीजचं?

तिसरी_शिट्टी:
आता थर्मामीटर घेऊन फ्रीजसमोर उभं राहायचं काम पण बाईलाच. छान.

पेट्रीडिश:
मी बाई कुठे म्हटलं? प्रत्येक गोष्ट तिकडे का नेता?

तिसरी_शिट्टी:
कारण ती तिकडेच असते. तुम्हाला दिसत नाही एवढंच.

कढईवाला:
पेट्रीडिश बरोबर बोलतायत, पण चव हा पण मुद्दा आहे राव. फ्रीजमधला भात कडक होतो, त्यातला स्टार्च परत घट्ट बसतो आणि फ्रीजच्या थंडाव्यात ते जास्तच वेगाने होतं. ब्रेड पण फ्रीजमध्ये ठेवला की लवकर शिळा लागतो तो त्याचमुळे. आता परतायचा असेल तर गोष्ट वेगळी, आदल्या दिवशीचा गार भात सुटा राहतो, लसूण अंडं घालून मोठ्या आचेवर परतला की ताज्या भाताचा तसा होतच नाही, गिचका होतो.

उशिराचं_ताट:
थांबा थांबा. म्हणजे कॅन्टीनचा भात तुम्हीही खाता?

कढईवाला:
मुद्दाम करून ठेवत नाही. उरतो.

उशिराचं_ताट:
एकट्याच्या स्वयंपाकात "उरतो". बरं बरं.

तिसरी_शिट्टी:
हाहाहा. लसणावरून आठवलं, मी लसूण एकदाच सोलून तेलात बुडवून बरणीत ठेवते, गॅसशेजारीच. हवं तेव्हा चमचाभर काढायचा. रोजचा सोलायचा वैताग गेला. घ्या, वेळ वाचवायची युक्ती, तीही फुकट.

पेट्रीडिश:
नाही. प्लीज नाही. तेलात हवा पोचत नाही आणि बोट्युलिझम, म्हणजे अन्नातून होणारी एक गंभीर विषबाधा, तिच्या जिवाणूला बरोबर तेच लागतं. लसूण मातीतून येतो, त्यावर त्याचे बीजाणू असू शकतात, आणि साध्या उकळत्या पाण्याच्या तापमानाला ते मरत नाहीत, म्हणून डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत १२१ डिग्रीला नेतात. वास येत नाही, रंग बदलत नाही, कळत नाही. आजार दुर्मिळ आहे पण होतो तेव्हा श्वासापर्यंत जातो. ती बरणी आज फेका. तेलाशिवाय फ्रीझरमध्ये ठेवा, दोन पाकळ्या तशाच काढून टाकता येतात.

तिसरी_शिट्टी:
तुम्ही जेवता तरी का हो? की नुसतं अन्नाकडे संशयाने बघत बसता?

पेट्रीडिश:
जेवतो. आणि दुसऱ्यांनी पण पुढच्या आठवड्यात जेवावं असं वाटतं म्हणून लिहितो. टोमणे मारायचे तर मारा.

जुनं_पातेलं:
हे असंच असतं. आधी लोक आनंदाने खात होते, आता प्रत्येक घासाला शास्त्र. आमची आई हाताने अंदाज घ्यायची, वास घ्यायची, तिला सगळं कळायचं.

पेट्रीडिश:
काका, वर आत्ताच लिहिलंय की वास येत नाही.

जुनं_पातेलं:
आमच्या आईला यायचा.

सुरीधार:
लसूण सोलायला वेळ लागतो तो पण सुरीमुळेच. रुंद पात्याने दाबा, साल सुटते. यासाठी बोथट सुरी चालते, एवढं मी मान्य करतो.

तिसरी_शिट्टी:
बरणी फेकली. तेल चांगलं होतं, शिव्या देत फेकली. पेट्रीडिश यांना उद्देशूनच दिल्या.

पेट्रीडिश:
पोचल्या. आभारी आहे.

उशिराचं_ताट:
भाताचं मी असं केलं, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापुरताच, बाकीचा ताटात पसरून गार झाला की लगेच चपट्या पिशव्यांमधून फ्रीझरला. चपट्या असल्या की सुटायला वेळ लागत नाही आणि खरं सांगायचं तर फ्रीजमधल्यापेक्षा मऊ लागतो, वर पाण्याचा एक हबका मारून गरम केला की झालं. म्हणजे रविवारचा बेत आहे तसाच आहे, फक्त जागा बदलली. पेट्रीडिश जिंकले असं कोणी समजू नये. आणि त्या निमित्ताने कढईवाल्यांना विचारते, तुम्ही भांडी आणि ओटा धरून कधी घड्याळ लावलंय का?

कढईवाला:
काल लावलं, मला माहीत होतं हे येणार. सव्वा तास. पण त्यात एक फोन आला होता.

उशिराचं_ताट:
फोन आम्हालाही येतात. आणि काय करायचं हे ठरवण्याचा वेळ त्यात धरला का?

कढईवाला:
ठरवायचं काय त्यात. घरात जे असतं ते करतो.

उशिराचं_ताट:
जे असतं ते आणतं कोण? एकटेच राहता ना.

कढईवाला:
मीच आणतो. ऑफिसातून येताना वाटेतच असतं, तो वेळ धरत नाहीत.

तिसरी_शिट्टी:
कोण धरत नाही?

कढईवाला:
बरं, अर्धा तास नाही लागत, घ्या. जास्त लागतो. तरी रोजच करणार आणि ताजंच करणार. डाळ उतू जातेय, नंतर बोलू.

तिसरी_शिट्टी:
कुकरमध्ये डाळ उतू कशी जाते?

सुरीधार:
रिंग नीट बसली नसेल.