जर्मन 'प्फेर्ड' (घोडा) हा शब्द आला कुठून?

प्रश्न – भाषावेल्हाळ
जर्मनमध्ये 'प्फेर्ड', डचमध्ये 'पार्ड', उत्तरेकडच्या निम्न जर्मन बोलींत 'पेर्ड', आफ्रिकान्समध्ये 'पेर्द', यिडिशमध्ये (युरोपातल्या ज्यूंची जर्मनजवळची भाषा) 'फेर्द'. ही सगळी भावंडं दिसतात, पण संस्कृत 'अश्व' किंवा लॅटिन 'एक्वुस' यांच्याशी त्यांचा मेळ बसत नाही. मूळ 'फारेन' (प्रवास करणे) या क्रियापदात असेल का? आणि जर्मन प्रदेशाच्या दक्षिणेत लोक 'रॉस' का म्हणतात?

उत्तर १ – ध्वनिविचार
'फारेन' सोडून द्या. त्यातला फ हा मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, जर्मन यांच्या समान मूळ भाषेतल्या) प पासून आलेला, म्हणजे अस्सल जर्मानिक (जर्मन, डच, इंग्रजी यांच्या कुळातला) आहे. 'प्फेर्ड'च्या सुरुवातीला प्फ आहे, आणि प्रमाण जर्मनमध्ये शब्दारंभीचा प्फ दिसला की आधी उसना शब्द समजून तपासायला घ्यावं. साधारण सहाव्या ते आठव्या शतकात दक्षिणेकडच्या बोलींत आरंभीच्या प चा प्फ झाला. त्याआधी लॅटिनमधून घेतलेले शब्द या बदलात सापडले: पोंडो > प्फुंड (पाउंड), प्लांटा > प्फ्लांत्से (रोप), पिपेर > प्फेफर (मिरी). (हा शेवटचा ग्रीकमार्गे आपल्या पिप्पलीपर्यंत, म्हणजे पिंपळीपर्यंत पोचतो.) नंतर आलेले 'पोस्ट', 'पापियर' (कागद) तसेच राहिले. डच आणि निम्न जर्मन या बदलाच्या बाहेर होत्या, म्हणून तिथे 'पार्ड', 'पेर्ड'.

आता मूळ शब्द. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'पारावेरेडुस' म्हणजे रोमन सरकारी टपालव्यवस्थेत मुख्य रस्त्यांपासून दूर, आडवाटांवर लागणारा जादा घोडा. इ.स. ४३८ च्या थिओडोसियस संहितेत (रोमन कायद्यांच्या संग्रहात) हा शब्द आहे. 'पारा' ग्रीक, 'शेजारचा, जोडीचा' या अर्थी. 'वेरेडुस' (टपालाचा चपळ घोडा) गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) केल्टिक भाषेतून आलेला. असे घोडे पुरवणं हे पुढे फ्रँक राजांच्या काळातही रयतेवरचं बंधन होतं, त्यामुळे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला. जुन्या उच्च जर्मनमध्ये (मध्य व दक्षिण भागातल्या बोलींच्या सर्वांत जुन्या लिखित रूपात) 'प्फारीफ्रित', मग 'प्फेर्फ्रित', मध्य उच्च जर्मनमध्ये 'प्फेर्त'. मधला भाग झिजला, अर्थ मात्र पसरला: टपालाचा घोडा होता, तो कुठलाही घोडा झाला. फ्रेंचमध्ये दोन र पैकी एकाचा ल होऊन 'पालफ्रुआ' झाला, त्यावरून इंग्रजी 'पॅलफ्री'. तिथे अर्थ उलट आकसला, फक्त स्वारीचा शांत घोडा.

व्युत्पत्ती शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे आजच्या रूपांची आजच्या रूपांशी तुलना करणं. सर्वांत जुनं लिखित रूप काढा, निम्न जर्मन रूप शेजारी ठेवा, मगच लॅटिनकडे जा.

उत्तर २ – बोलीनकाशा
'रॉस' हा जुना जर्मानिक शब्द: जुन्या उच्च जर्मनमध्ये 'ह्रॉस', इंग्रजीत र आणि स्वराची अदलाबदल होऊन 'हॉर्स'. श्वाबेन, बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये तो रोजच्या बोलण्यात टिकला. हेसेन, फ्रांकेन, प्फाल्त्स या मधल्या पट्ट्यात 'गाउल'. प्रमाण भाषेत मात्र 'रॉस' काव्यात्म वाटतो आणि 'गाउल' हिणवणारा, तेव्हा शब्दकोशातला शेरा बोलीला लावू नका. बोलींचे जर्मन अभ्यासक गेऑर्ग वेंकर यांनी १८७६ पासून शिक्षकांकडून बोलीत उतरवून घेतलेल्या वाक्यांत घोड्यासह बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या म्हाताऱ्याचं एक वाक्य आहे. या शब्दाच्या सीमा त्यातून नकाशावर येतात. जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाचं संकेतस्थळ ते नकाशे मोफत दाखवतं.

'अश्व'चा भाऊ जर्मानिकमध्येही होता. जुन्या सॅक्सनमध्ये (निम्न जर्मनच्या पूर्वरूपात) 'एहुस्काल्क' म्हणजे घोड्यांचा चाकर. तो मागे पडला, जसा आपल्याकडे 'घोटक'वरून आलेल्या 'घोडा'पुढे 'अश्व' ग्रंथांत राहिला.

भाषावेल्हाळ
मग 'वेरेडुस'मधला 'रेड' म्हणजे आपला 'रथ' का?

उत्तर ३ – ध्वनिविचार
नाही. 'रथ', लॅटिन 'रोटा' आणि जर्मन 'राड' (चाक) हे एक कुळ. केल्टिक 'रेड' दुसऱ्या धातूतून येतो, ज्यातून जर्मन 'राइटेन' आणि इंग्रजी 'राइड' आले. वेल्शमध्ये 'वेरेडुस'चा सख्खा भाऊ 'गोरवीद' (घोडा) सापडतो. म्हणजे 'राइटेन' आणि 'प्फेर्ड'चा उत्तरार्ध दूरचे नातलग आहेत, फक्त एक घरचा आणि दुसरा गॉल व रोम फिरून आलेला.