आण्णांच्या पायाची जखम भरेना झालीय, कुणाला अनुभव हाय का?

ऊसकरी_करवीर:
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा, वय ६४, शुगर लई वर्षांची हाय. उन्हाळ्यात नवी कोल्हापुरी घासून तळव्याला अंगठ्याच्या बुडाशी फोड आला, तो फुटला आणि तवापासून जखम हाय ती हायच. गावातले डॉक्टर रोज पट्टी करतात, गोळ्या बदलून झाल्या, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फसफस फेस येतो आणि आई म्हणते बघ कशी घाण निघाली. कडेनं पांढरा जाड घट्टा धरलाय. दुखत मात्र अजिबात न्हाई, त्यामुळं आण्णा त्याच पायानं उसाला पाणी पाजायला जातात, सांगून ऐकत न्हाईत. सकाळची उपाशीपोटीची शुगर बरी येते. कोण म्हणतंय मलम बदला, कोण म्हणतंय मिरजेला दाखवा. नेमकं काय करू?

पट्टीवाली_ताई:
दादा, मी सर्जरी वॉर्डात ड्रेसिंगचंच काम करते. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, मग माणूस जखमेवरच दिवसभर चालतो आणि त्याला पत्ताच नसतो, आपल्याला साधा खडा टोचला तरी आपण पाय उचलतो, ते यांच्यात होत नाही. कडेचा घट्टा म्हणजे तिथं रोज दाब पडतोय याचा पुरावा. तो सर्जनकडून तासून घ्यावा लागतो (घरी ब्लेड लावू नका!!), मेलेलं मांस काढावं लागतं आणि त्या जागेवरचा भार काढावा लागतो. तो निघाला नाही तर जगातलं कुठलंही मलम लावा, जखम तिथंच. त्यासाठी पायाला घट्ट बसणारं खास प्लास्टर असतं, कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांच्या जखमांवर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी ते बरंच वापरलं, आता शुगरवाल्यांना तेच करतात.

पेरॉक्साइड आजपासून बंद. फेस म्हणजे घाण निघाली असं नसतं, नवीन येणारं कोवळं मांस पण त्यात जळतं. सलाईननं धुवायचं. उपाशीपोटीच्या एका आकड्यावर जाऊ नका, एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करा, त्यात साधारण तीन महिन्यांचा हिशोब कळतो. एक्स-रे काढा, कारण डॉक्टरांनी जखमेत तपासायची सळई घातली आणि हाडाला टेकली तर हाडात इन्फेक्शन गेल्याची शंका असते, मग गोळ्या आठवडाभराच्या नसतात, कित्येक आठवडे चालतात. आणि पायाचा डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची तपासणी. रक्तच पोचत नसेल तर भरणार कशानं?

देशी_इलाज:
एवढं कशाला, हळद न मध भरून बांधा, आमच्या आज्जीनं असल्या किती बऱ्या केल्या.

पट्टीवाली_ताई:
भाऊ, आज्जीनं बऱ्या केल्या त्या कोयत्याच्या ताज्या जखमा असतील, त्या धुऊन बांधल्या तरी बऱ्याचदा भरतात. मधाची ड्रेसिंगं दवाखान्यात पण असतात पण तो मध निर्जंतुक केलेला असतो. बरणीतला मध आणि डब्यातली हळद हाडापर्यंत गेलेल्या भोकात भरायची नाही.

शाहूपुरीकर:
आमच्या आईची जखम वेगळी होती म्हणून सांगतो, सगळ्या जखमा शुगरच्या नसतात. तिचा सगळा जन्म खानावळीत उभ्यानं गेला, घोट्याच्या वर आतल्या बाजूला कातडी काळपट पडलेली, संध्याकाळी पाय सुजायचा आणि तिथंच जखम वाहत राहायची. शिरांचे व्हॉल्व्ह निकामी झालेले, रक्त खाली तुंबत होतं. घट्ट पट्ट्या बांधल्या, पाय उशीवर घेऊन झोपायला सांगितलं, मग व्हेन्सचं लेसर केलं, भरली. पण पट्टी बांधायच्या आधी दंडाचं आणि घोट्याचं बीपी ताडून बघितलं होतं, कारण धमन्याच बारीक असतील तर घट्ट पट्टीनं पाय काळा पडायचा. आमचं बघून तुम्ही घरी क्रेप बँडेज आवळू नका मर्दानो.

पन्हाळा_एक्सप्रेस:
आण्णा बिडी-तंबाखू घेतात का? ते कुणी विचारलंच न्हाई. आमच्या चुलत्याला चाललं की पोटरी आवळून यायची, थांबलं की बरं, नंतर रात्री झोपेत पण दुखायला लागलं. त्याची धमनी बंद, अँजिओप्लास्टी करून रक्त खाली सोडलं तवा कुठं बोटाची जखम भरायला लागली. बिडी न सोडता ह्यातलं कायबी टिकत न्हाई म्हणाले डॉक्टर.

ऊसकरी_करवीर:
बिडी हाय, लपवून वडतात. सगळ्यांचे आभार. सोमवारी कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात सर्जरी ओपीडीत नेतो, पाण्याची पाळी चुलतभावाला सांगितलीय. तोवर पट्टी रोज बदलू का दिसाआड?

पट्टीवाली_ताई:
जखमेतून पाणी किती येतंय त्यावर. भिजून बाहेर येत असेल तर रोज, नाहीतर दिसाआड चालते. उघडी ठेवून वाळवू नका, वरून खपली धरते आणि खाली पू साठतो. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, चांगल्या इलाजावर चार आठवड्यांत निम्मी तरी व्हायला पाहिजे, नाही झाली तर डॉक्टरांना परत सगळं तपासायला लावा. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेचा तर तुकडा पण तपासायला पाठवतात, क्वचित त्यात कॅन्सर निघतो. मात्र थंडी-ताप आला, पाय लाल होऊन वर चढायला लागला किंवा वास सुटला तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत. आणि जाताना त्यांची रोजची चप्पल पिशवीत घाला, कुठं घासतंय ते डॉक्टरांना दाखवता येईल. केसपेपरला रांग असते, सकाळी लवकर निघा.