मदत हवी आहे: निनावी अफवांमुळे आमच्या ट्रॅकवरची रेसिंग अडचणीत

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या ट्रॅकवर क्लबच्या कार रेस होतात. मी तिथे तांत्रिक तपासणीला मदत करतो. या मोसमात निनावी अफवांनी नुसता उच्छाद मांडलाय. अमक्याचं इंजिन नियमाबाहेरचं, तपासनीस मॅनेज झालेत, पुढच्या वर्षी ट्रॅकच बंद होणार. ही शेवटची सगळ्यात घातक, कारण ती ऐकून प्रायोजक हात आखडता घेतात, स्पर्धकही दुसरीकडे वळतात. प्रवेश फीवर चालणाऱ्या क्लबला मग खरंच टाळं लागू शकतं.

शंका असेल तर रीतसर मार्ग आहे ना! एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या क्रीडा संहितेत तक्रार लेखी आणि फी भरून करायची असते. निकालावर हरकत असेल तर तो प्रसिद्ध झाल्यापासून ३० मिनिटांत. आमचे नियमही त्याच धर्तीचे आहेत. गरज पडली तर इंजिन उघडून बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) मोजतो, गाडीचं वजन करतो, इंधनाचा नमुना घेतो. पण आडून बोलणारे पुढे येतच नाहीत. एक तरुण ड्रायव्हर तपासणीत निर्दोष ठरला, तरी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या आणि टीम थांबतात तिथे, त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. मला हे फार लागतं.

पहिल्या तीन गाड्यांची मोजमापं दर रेसनंतर फलकावर लावली तर फायदा होईल का? की त्यातून नवेच फाटे फुटतील? प्रायोजकांना तुम्ही कसं सांभाळलंत? आणि त्या मुलासाठी क्लबने उघडपणे काय करावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.