बायसनचं पोरकं पिल्लू माझ्याच मागे लागलंय, लळा कमी कसा करू?

नमस्कार मंडळी, गोठ्यात वाढलेले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारते. मी मूळची कराडकडची, आता साउथ डकोटात, सासऱ्यांचा बायसनचा रँच आहे. इथे सगळे त्यांना बफेलोच म्हणतात, आईला फोनवर तेच सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, दूध किती देते.

तर एप्रिलअखेर एक मादी व्याली आणि दोन दिवसांत गेली. चीक तरी मिळाला होता म्हणून पिल्लू जगलं. नर, वीसेक किलोचा, रंग अगदी विटकरी. कळपात कुणी जवळ घेईना म्हणून मी बाटली हातात घेतली, लहानपणी रेडकांना पाजलंय, म्हटलं त्यात काय एवढं. आता साडेतीन महिने झाले, अंग काळपट तपकिरी झालंय, शिंगांचे कोंब बोटाला लागतात, आणि माझा आवाज आला की गुंड्या (हो, नाव ठेवलं, चुकलंच) डुकरासारखा घुरघुरत कुंपणाशी येऊन जॅकेटची बाही चोखत बसतो.

परवा बादली ठेवायला वाकले तर मागून, वासरं कासेला देतात तशी ढुशी दिली, मी थेट चिखलात. खेळच होता, पण शेपूट ताठ उभी होती आणि सासरे म्हणतात शेपूट उभी दिसली की तिथून निघायचं. मोठा नर ९०० किलोपर्यंत जातो, आणि बाटलीवर वाढलेला माणसाला आपल्यातलाच समजतो, म्हणजे वयात आला की झुंजायलाही आपल्याशीच येणार. दोनदा कळपात सोडला, मोठ्या माद्यांनी हुसकावला, रात्रभर गेटपाशी उभा. मी एकदम जाणं बंद केलं तर खाणं सोडेल का? खच्ची केल्याने फरक पडतो का?

प्रतिसाद: ताई, बायसन नाही पाहिला पण रेडे सांभाळलेत. एकदम तोडू नका. दूध बादलीत, तेही कुंपणाबाहेरून, आणि रोज तुम्हीच नको, घरातलं दुसरं कुणी जाऊ दे. एकटा कळपात सोडू नका, आधी त्याच्याच वयाचं एखादं पिल्लू सोबतीला द्या. खच्ची केल्याने मस्ती कमी होते, पण माणसाची भीती येत नाही. आणि कपाळ खाजवणं आजपासून बंद, तुम्हीच त्याला ढुशी शिकवताय.

धागाकर्ती: कपाळ खाजवते हे मी कुठे लिहिलं होतं?? 😅