मदत हवी आहे: पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी डेटा मॅनेजमेंट प्लॅनचा फॉर्म

संदर्भसेवा
पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून डेटा मॅनेजमेंट प्लॅन (संशोधनाचा डेटा कुठे, कसा ठेवणार आणि कुणाला देणार याचा आराखडा) घ्यायचं विद्यापीठाने ठरवलंय आणि काम ग्रंथालयाकडे आलंय. परदेशी नमुना घेऊन बारा पानी फॉर्म केला आणि विभागांना पाठवला. जवळपास सगळ्यांनी तेच लिहून दिलं: 'डेटा सुरक्षित ठेवला जाईल व मागणीनुसार उपलब्ध करून दिला जाईल.' पुढच्या महिन्यात विद्या परिषदेपुढे ठेवायचंय. चालणारा मराठी किंवा इंग्रजी फॉर्म कुणाकडे असेल तर द्या. लवकर हवाय.

पाणकोंबडा
कुठले विभाग? फॉर्म नोंदणीच्या वेळी घेता की डेटा गोळा व्हायला लागल्यावर? वाचतो कोण? आणि विद्यार्थ्यांना फाइल ठेवायला विद्यापीठाने जागा दिली आहे का? एवढं कळल्याशिवाय फॉर्म देऊन उपयोग नाही.

तांब्याची_तार
सरळ डेटाव्हर्स बसवा, संशोधनाचा डेटा ठेवायचं सॉफ्टवेअर. हार्वर्डने केलेलं, मुक्त स्रोत. विभागवार कप्पे करता येतात, प्रत्येक डेटासेटच्या आवृत्त्या राहतात. रिपॉझिटरी (डेटाचं कोठार) असली की प्लॅन लोक आपोआप नीट लिहितात.

निळीशाई
आपोआप काही होत नाही. डेटाव्हर्सला पायारा, पोस्टग्रेस आणि सोलर ही त्याखालची तिन्ही सॉफ्टवेअर सांभाळायला माणूस लागतो. डीओआय (डेटासेटचा कायमचा ओळख-क्रमांक) हवा तर तो देणाऱ्या डेटासाइटचं शुल्क वेगळं. तो माणूस सोडून गेला की सर्व्हर अपडेटविना पडतो आणि विद्यापीठाचा नेटवर्क विभाग तो बंद करतो. सुरुवात झेनोडो या ऑनलाइन रिपॉझिटरीवर करा. युरोपातली सर्न ही संशोधन संस्था चालवते, एका नोंदीला ५० जीबी आणि १०० फाइलपर्यंत जागा, डीओआय फुकट.

तांब्याची_तार
आणि सार्वजनिक निधीतला डेटा कायम बाहेरच्या देशात ठेवायचा? ग्रंथालयात डीस्पेस (प्रबंध-लेख ठेवायचं सॉफ्टवेअर) चालवणारी माणसं आहेतच, तीच हेही चालवतील.

निळीशाई
डीस्पेस चालवणं आणि चाळीस हजार फाइलींचा डेटासेट चढवणं यात फरक आहे. शिवाय प्रश्न फॉर्मचा आहे.

अभ्यासू_कट्टा
प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांचा राष्ट्रीय संग्रह) चढवण्याआधी साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल जोडायला विसरू नका. संदर्भसूची वगळून टक्केवारी काढा, नाहीतर उगाच वाढते.

संदर्भसेवा
त्याबद्दल विचारलंच नव्हतं. पाणकोंबडा, विभाग रसायन, जैवतंत्रज्ञान, समाजशास्त्र, मराठी. फॉर्म नोंदणीलाच घेतो. वाचतं कुणीच नाही, फाइलला लावतो. जागा म्हणजे विद्यार्थ्याचं विद्यापीठाचं गुगल खातं.

पाणकोंबडा
मग दुखणं फॉर्मपेक्षा मोठं आहे. नोंदणीच्या दिवशी विद्यार्थ्याला आपण कुठलं उपकरण वापरणार हेही ठरलेलं नसतं. तो काय लिहिणार? २०२२च्या यूजीसी नियमांप्रमाणे त्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहावंच लागतं, प्लॅन तिथे जोडा. पहिली आवृत्ती डेटा गोळा करण्यापूर्वी, मग दर सत्रात फक्त काय बदललं ते, आणि शेवटची प्रबंधासोबत.

लांबी दोन पानं. अमेरिकेच्या एनएसएफने (संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) जानेवारी २०११पासून प्रकल्प-प्रस्तावासोबत प्लॅन सक्तीचा केला, तोही दोनच पानांचा. प्रश्न असे विचारा की 'सुरक्षित ठेवला जाईल' हे उत्तर देताच येणार नाही. मूळ फाइल कुठल्या फोल्डरमध्ये, कुणाच्या खात्यात? फॉरमॅट काय, आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या माणसाला ती कशी उघडेल? एकूण किती जीबी होईल? दुसरी आणि तिसरी प्रत कुठे, शेवटची कधी घेतली, तारीख लिहा. विद्यार्थी गेल्यावर जबाबदार कोण, नावाने. काय उघड करणार, काय नाही आणि का नाही.

गुगलचं आधी मिटवा. विद्यार्थ्याचं खातं बंद झालं की माय ड्राइव्हमधल्या त्याच्या मालकीच्या फाइली जातात. प्रत्येक मार्गदर्शकाच्या नावाने शेअर्ड ड्राइव्ह काढा, त्यातल्या फाइली संस्थेच्या मालकीच्या राहतात. शैक्षणिक संस्थेच्या सगळ्या खात्यांना मिळून मूळ जागा १०० टीबी आहे, तीत मेलही मोजले जातात, तेव्हा मायक्रोस्कोपच्या फाइलींना वेगळी सोय बघा.

केवडा
समाजशास्त्राच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न संमतीपत्राचा हवा. संमतीपत्रात 'माहिती फक्त संशोधक पाहील' असं छापलं असेल तर पुढे डेटा कुठेच देता येत नाही, प्लॅनमध्ये काहीही लिहा. म्हणून नैतिकता समितीकडे संमतीपत्र आणि प्लॅन एकत्र जायला हवेत. नावं काढली म्हणजे झालं असंही नाही. गाव, वय आणि 'महिला सरपंच' एवढ्यावर माणूस ओळखू येतो. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी गट घ्या, आणि नाव-क्रमांकाची किल्ली वेगळ्या जागी पासवर्ड लावून ठेवा. २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटींसह. त्या माहितीवरून त्या व्यक्तीबाबत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची.

शुद्धलेखन
सगळे डेटा, डेटा काय म्हणताय? 'विदा' हा चांगला शब्द असताना?

पाणकोंबडा
फॉर्मवर 'विदा' छापलं तर निम्मे विद्यार्थी विचारत येतील. राहू दे.

गावठाण
मराठी विभागाचं कुणी बोलत नाहीये. तिथला डेटा म्हणजे मुलाखती. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फॉरमॅटमध्ये केलं तर तासाला साधारण ५२० एमबी, म्हणजे शंभर तासांना ५२ जीबी. फक्त एमपीथ्री ठेवू नका, ती वापरायची प्रत. हार्ड डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या.

दुसरं, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं लिप्यंतर. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये बदला, पण मूळ फाइल ठेवा, कारण कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं बिघडवतो आणि ताडून पाहावं लागतं. युनिकोड सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की देवनागरीचा कचरा दिसू शकतो. ती 'डेटा' मेनूतून आयात करून यूटीएफ-८ निवडायची.

निळीशाई
एक्सेल जैवतंत्रज्ञानातही नडतं. मार्च१, सेप्ट२ असली जनुकांची नावं तारखा होतात. नामकरण समितीने शेवटी २०२०मध्ये ती नावंच बदलली. डीबीटीच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) पैशातल्या जैविक डेटासाठी फरीदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे, तिथे डेटा जमा केल्याचा क्रमांक प्लॅनमध्ये मागा. तांब्याची_तार, तुमचा देशाबाहेरचा मुद्दा इथे तरी सुटतो.

तांब्याची_तार
जैविकपुरता. समाजशास्त्राच्या मुलाखती कुठे ठेवणार ते सांगा.

संदर्भसेवा
ते भांडण नंतर. दोन पानांचा मसुदा करायला घेतलाय, सहा प्रश्न, समाजशास्त्राला संमतीपत्राची जोड. दोन गोष्टी अडल्यात. रसायनवाले म्हणतात, स्पेक्ट्राच्या (यंत्रातून निघालेल्या आलेखांच्या) पीडीएफ प्रबंधात आहेतच, वेगळा डेटा कशाला? आणि भरलेला प्लॅन तपासायचा कसा? आम्ही दोघंच आहोत.

पाणकोंबडा
पीडीएफवरून पीक पुन्हा मोजता येत नाही. एनएमआरचं (रेणूची रचना ओळखायची चाचणी) अख्खं मूळ फोल्डर मागा, एफआयडी (यंत्राचा कच्चा संकेत) आणि पॅरामीटरच्या फाइलींसकट, शिवाय जेकॅम्प या खुल्या फॉरमॅटमधली एक प्रत. स्फटिकरचना असेल तर केंब्रिजच्या सीसीडीसी या स्फटिकरचनांच्या संग्रहाचा क्रमांक.

तपासायला सगळे प्लॅन वाचत बसू नका. सत्राला दहा निवडा. प्रत्येकातली एक फाइल घ्या आणि त्याच प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला फक्त रीडमी (फाइलींची माहिती देणारं सोबतचं टिपण) वाचून पंधरा मिनिटांत उघडायला सांगा. उघडली नाही तर काय अडलं ते एका ओळीत लिहून सल्लागार समितीला पाठवा. बहुतेक वेळा स्तंभांची एककं लिहिलेली नसतात, किंवा 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_सरांनी_बघितलेली' अशा तीन फाइली असतात.

संदर्भसेवा
स्तंभ आणि एककांचा रकाना रीडमीच्या नमुन्यातच छापतो. गावठाण, रफार न बिघडवणारा कन्व्हर्टर आहे का कुठला?

गावठाण
रफार सगळेच थोडेफार बिघडवतात. फॉन्टचं नेमकं नाव आणि आवृत्ती कळवा, एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात.